एक किलो एकशे चाळीस ग्रॅमचं सार

शमिकाचा एक किलो एकशे चाळीस ग्रॅम वजनाचा टोमॅटो प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी सव्वानऊच्या सुमारास सारात गेला.

असं काहीही झालेलं नाही. वरचं वाक्य चुकून आलंय, त्याच्याकडे दुर्लक्ष करावं. टोमॅटो सुखरूप आहे. इतका सुखरूप की अजून झाडाला लागलेलासुद्धा नाही. बेंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या एका दुमजली घराच्या गच्चीवर पन्नास लिटरच्या पिशवीत झाड उभं आहे, त्याला नुकती फुलं आली आहेत, आणि त्या फुलांसमोर शमिका नवऱ्याचा विजेवर चालणारा टूथब्रश घेऊन उकिडवी बसली आहे.

टूथब्रशाचं कारण सरळ होतं. टोमॅटोच्या फुलातला पराग आतल्या नळीत दडून बसतो. भुंगा येऊन फुलाला लटकला, गुणगुणला, की त्या थरथरीने तो सांडतो आणि फळ धरतं. या गच्चीवर भुंगे येत नव्हते. त्यांना बहुधा ट्रॅफिक लागत असावं. मग थरथर कुणी करायची? शमिकाने. थरथर हा तिचा पगारी विषय होता.

ती एका सरकारी संशोधन संस्थेत होती. उपग्रहात जाणारे सुटे भाग एका टेबलावर बांधायचे आणि ते टेबल हलवायचं, हे तिचं काम. भाग मोडला की अहवाल लिहायचा. नाही मोडला तर आणखी जोरात हलवायचं. सहा वर्षांत तिच्या हातून असंख्य वस्तू मोडल्या होत्या आणि त्याबद्दल तिला दोनदा प्रशस्तिपत्र मिळालं होतं. घरी मात्र या कर्तृत्वाची कुणी कदर करत नव्हतं. तुळस गेली, मोगरा गेला, आणि जी वाळवंटातही मरत नाही ती कोरफड शमिकाच्या देखरेखीखाली अकरा दिवसांत गेली. टोमॅटोचं झाड ही पहिली सजीव वस्तू, जी हलवल्यावर मोडायची सोडून खूश होत होती.

"माझा ब्रश कुठंय?" खालून क्षितिज ओरडला.

"कामावर गेलाय."

"कधी येणार?"

"फळ धरलं की."

क्षितिज तिचा नवरा. समजूतदार होता. त्याने बोटाने दात घासले.

बी तिने जयनगरच्या बियाणं-अदलाबदलीच्या मेळाव्यातून आणलं होतं. दुकानातल्या पाकिटातलं नव्हे. धारवाडकडच्या महांतेश नावाच्या माणसाकडे त्याच्या आज्जीपासून दरवर्षी धरून ठेवलेलं, पुन्हा पेरलेलं, पुन्हा धरलेलं. सात बिया देताना तो म्हणाला होता, "मॅडम, हे मोठं होतं. फार मोठं होतं. नंतर तक्रार करायची नाही."

आता या सगळ्यात एक अडचण होती, आणि ती तळमजल्यावर राहत होती.

घरमालक हयवदनअण्णा. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आले आणि परत जायचं विसरले. घरात अजून मराठी, पण तिच्यात कन्नड इतकी मुरलेली की कुठलं कुठून आलं ते त्यांनाच सांगता येत नसे. अण्णा एका सरकारी कारखान्याच्या पत्रव्यवहार विभागातून निवृत्त झाले होते. विभाग सुटला, पत्रव्यवहार सुटला नाही. शमिकाशी त्यांना काही बोलायचं असलं की दाराखालून पत्र येई. वर संदर्भ क्रमांक, खाली सही, मध्ये अत्यंत कठोर मजकूर. आणि तासाभराने जिन्यात भेटले की अण्णा लोण्यासारखे मऊ.

"काय ग शमिका, पत्र मिळालं?"

"मिळालं अण्णा."

"सरी, बरं झालं. कठोर झालंय काय?"

"स्वल्प कठोर आहे."

"काय करायचं! पत्र मऊ लिहिलं तर कुणी फाइलला लावत नाही बघ."

आलेल्या पत्रांपैकी नववं फार वाईट होतं. संदर्भ ह.व./गच्ची/९. विषय, गच्चीवरील ओल्या मातीचा भार व देवघराच्या छतावर उमटलेला डाग. सबब एक फेब्रुवारीपर्यंत गच्ची मोकळी करावी. सर्व पिशव्या, कुंड्या, काठ्या व झाडे खाली उतरवावीत. शेवटी बारीक अक्षरात एक पळवाट होती, कारण पळवाट न ठेवता पत्र लिहिणं अण्णांच्या विभागात असंस्कृत मानलं जाई. सदर बागेची उपयुक्तता कोणत्याही सक्षम प्राधिकाऱ्याने लेखी प्रमाणित केल्यास अपवादाचा विचार करण्यात येईल.

शमिकाने ते तीनदा वाचलं. मग सक्षम प्राधिकारी शोधायला निघाली. बसवनगुडीत जानेवारीच्या शेवटच्या रविवारी एक परसबाग प्रदर्शन भरणार होतं. त्यात एक वर्ग होता, 'टोमॅटो, एकच फळ, वजनी'. पहिल्या क्रमांकाला समितीच्या सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र. गेल्या वर्षीचा विजेता आठशे वीस ग्रॅमचा होता. म्हणजे गणित सोपं होतं. आठशे एकवीस ग्रॅम झाले तर गच्ची राहते. नाही झाले तर आयुष्यात तिने जगवलेली एकमेव गोष्ट जिन्यावरून खाली जाते.

मग ती पेटली. बगलेतले फुटवे रोज खुडले. झाडावर फक्त दोन फळं ठेवली, बाकीची लहानपणीच तोडली. त्यातलं एक चार फुलं एकमेकांत मिसळून झालं होतं, म्हणून ते वाढताना चारही दिशांना वाढत होतं. त्याला घड्या पडल्या, बुडाशी टाके घातल्यासारखा तपकिरी व्रण आला, एका बाजूला तर नाकासारखं काहीतरी निघालं. दुसरं फळ गोल, गुळगुळीत, आज्ञाधारक. पहिल्याचं नाव शमिकाने वहीत 'मुख्य' असं लिहिलं आणि दुसऱ्याचं 'राखीव', कारण संस्थेत प्रत्येक भागाची एक राखीव प्रत ठेवायची पद्धत होती.

जानेवारीच्या मध्याला नाशिकहून सासूबाई आल्या. प्रेमाबाई. त्यांनी गच्चीवर जाऊन 'मुख्य'कडे बराच वेळ पाहिलं.

"हे आजारी आहे का ग?"

"नाही आई. असंच असतं हे."

"बरं," प्रेमाबाई म्हणाल्या, आणि जुन्या सुती साडीची झोळी शिवून त्याला लटकवून ठेवली, देठावर भार नको म्हणून. शमिकाने त्यांना प्रदर्शन, वर्ग, वजनाचा आलेख, सगळं समजावून सांगितलं. प्रेमाबाई सबंध वेळ मान हलवत होत्या. सासूने मान हलवली म्हणजे तिला समजलं, असा शमिकाचा गैरसमज झाला.

प्रेमाबाईंचं लक्ष खरं म्हणजे डब्यात होतं.

झालं असं की त्या आल्या त्याच दिवशी खालून अण्णांच्या बायकोने, वसुमतीअक्कांनी, कडीच्या डब्यातून बिसिबेळे भात पाठवला. आता दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे प्रेमाबाईंना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. त्यांनी डबा घासून त्यात साबुदाणे वडे घातले आणि खाली दिला. पण हेच ज्ञान पाचशे मैल दक्षिणेला वसुमतीअक्कांनाही मिळालेलं होतं. त्यांनी वडे काढून मुगाच्या डाळीची कोसंबरी घातली. वरून थालीपीठं गेली. खालून आंबटगोड गोज्जु आला. वरून सांज्याच्या पोळ्या. दोन आठवड्यांत तो डबा अकरा वेळा जिना चढला आणि अकरा वेळा उतरला. त्याला रिकामा पाहिलेलं कुणी नव्हतं. दोघींना ते थांबवायचंही असावं, पण थांबवायचं म्हणजे कुणीतरी रिकामा डबा द्यायचा, आणि तशी वेळ कुळावर आणायची कुणाची तयारी नव्हती.

शनिवारी संध्याकाळी बाराव्यांदा डबा वर आला तो हयग्रीव घेऊन. हरभऱ्याची डाळ, गूळ, खोबरं, वरून तूप. अक्कांनी निर्णायक हत्यार काढलं होतं.

त्याच संध्याकाळी शमिकाने दोन्ही टोमॅटो काढले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर 'मुख्य' ठेवला. एक किलो एकशे चाळीस. तिने काटा पुसून पुन्हा ठेवला. एक किलो एकशे चाळीस. क्षितिजने काट्यावर साखरेचं किलोचं पाकीट ठेवून काट्याची परीक्षा घेतली. काटा खरा होता. 'राखीव' सहाशे दहा भरला, पण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. दोघांना परातीत तांदळाच्या गादीवर निजवण्यात आलं.

"उद्या यातला एकच न्यायचाय," झोपायला जाताना शमिका म्हणाली. "दुसरा तुम्हाला हवा तर वापरा, आई."

कुठला, ते तिने सांगितलं नाही. एक किलो एकशे चाळीस आणि सहाशे दहा यांच्यात कुठला, असा प्रश्न जगात कुणाला पडेल असं तिला वाटलंच नाही.

रविवारी सकाळी शमिका न्हायला गेली. क्षितिज झोपला होता. प्रेमाबाईंची संध्याकाळची गाडी होती आणि ओट्यावर घासूनपुसून लख्ख झालेला डबा त्यांच्याकडे बघत होता. घरात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. चमचाभर साखर घालता आली असती, रीत म्हणून तेवढं चालतं. पण हयग्रीवाच्या डब्यातून चमचाभर साखर पाठवणं म्हणजे पैठणीच्या आहेराला पोचपावती पाठवणं. नाशिकचं नाव त्यांच्या हातात होतं. त्यांनी परातीकडे पाहिलं.

शमिका डोक्याला टॉवेल गुंडाळून आली तेव्हा तांदळात एक मोठा खळगा होता.

"आई, इथला टोमॅटो कुठंय?"

"आहे की तो."

"हा नाही. दुसरा."

"दुसरा खाली दिला. डबा रिकामा कसा पाठवायचा?"

शमिकाने टॉवेल काढला. मग पुन्हा गुंडाळला. "आई, तो मोठा होता."

"म्हणून तर तो दिला. शेजाऱ्यापाजाऱ्याला देताना लहान देतात का कुणी? आणि हा बघ कसा देखणा आहे. चार लोकांत मांडायचा तर असाच हवा. तो बिचारा सुरकुतलेला, त्याला नाक होतं ग! डब्याचं झाकणसुद्धा लागेना. तसाच उघडा नेऊन दिला."

"आई, ते वजनावर आहे. रूपावर नाही."

प्रेमाबाई मान हलवायला लागल्या, आणि मधेच थांबल्या. या खेपेला त्यांना समजलं होतं.

क्षितिजला हलवून उठवण्यात आलं. त्यात शमिकाचा हात कुणी धरू शकत नव्हतं. त्याला खाली पिटाळलं, टोमॅटो परत आण, काहीही सांग. मागोमाग प्रेमाबाई गेल्या, शब्द परत घ्यायला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. दोघांपैकी कुणी वर येईना. जिन्यातून फोडणीचा वास मात्र वर आला. कढीपत्ता, हिंग, मिरी, आणि त्याखाली काहीतरी असं लाल, खोल आणि गोड, की शमिकाचे पाय आपोआप उतरायला लागले.

तळमजल्यावर जेवणाच्या टेबलाशी सगळे बसले होते. क्षितिजच्या हातात वाटी होती. प्रेमाबाईंच्या हातात वाटी होती, डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पीत होत्या. टेबलाच्या टोकाला हयवदनअण्णा तिसरी वाटी संपवत होते.

"ये ये शमिका!" वसुमतीअक्का ओगराळं घेऊन उठल्या. "अय्यो, काय टोमॅटो ग तो! चिरला तर आत पाणीच नाही, सगळा गरच गर. सुम्ने, सहज, एकाच टोमॅटोत एवढं पातेलं सारु झालं. बिया तेवढ्या कागदावर वाळत घातल्यात, टाकायला मन झालं नाही."

शमिका क्षितिजकडे बघत होती.

"मी विचारणार होतो," क्षितिज म्हणाला. "पण आधी चव बघितली."

अक्कांनी तिच्या हातात वाटी दिली. रागावलेल्या माणसाला गरम वाटी धरून उभं राहता येत नाही, एकतर वाटी ठेवावी लागते नाहीतर प्यावं लागतं. टेबलावर जागा नव्हती. ती प्यायली.

दोन महिने तिने त्या फळाचा घेर मोजला होता, वजन काढलं होतं, थरथर मोजली होती. त्याला चव असेल ही शक्यता तिच्या वहीत कुठेच नव्हती. घोट खाली गेला आणि तिला एकदम हसू आलं. मग रडू आलं. मग तिने वाटी पुढे केली, आणखी वाढा म्हणून.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं. "तिखट आहे?"

प्रेमाबाईंनी सगळं सांगितलं. अण्णांचा चमचा हवेतच राहिला. त्यांनी वाटीत पाहिलं. वाटीच्या तळाशी साधारण ऐंशी ग्रॅम पुरावा शिल्लक होता.

"म्हणजे प्रमाणपत्राची वस्तू ही?"

"हो अण्णा."

"मी खाल्लं?"

"तीन वाट्या," वसुमतीअक्का म्हणाल्या. त्या कधी काही लपवत नसत.

अण्णा उठले. हात धुतले. "कारखान्यात फाइल गहाळ झाली तर ज्याच्या टेबलावर ती शेवटची दिसली तो जबाबदार. ही माझ्याच टेबलावर दिसली." आणि ते किल्ल्या घेऊन बाहेर पडले. दसऱ्याच्या आयुधपूजेला हार घालण्यापलीकडे जिचा उपयोग होत नसे ती गाडी त्यांनी काढली. पुढे अण्णा आणि अक्का, मागे बाकीचे तिघं, प्रेमाबाईंच्या मांडीवर 'राखीव', क्षितिजच्या मांडीवर उरलेल्या सारुचं पातेलं. बसवनगुडीपर्यंत अण्णांनी गाडी तिसऱ्या गियरच्या वर नेली नाही, सांडू नये म्हणून.

प्रदर्शनाच्या नोंदणी टेबलाशी वादिराज नावाचा तरुण बसला होता. त्याच्यापुढे काटा होता. अण्णांनी काट्यावर पातेलं ठेवलं.

"सर, हे काय?"

"टोमॅटो."

"सर, हे पातळ आहे."

"अवस्था बदललीय. ही शास्त्रज्ञ आहे, तिला विचार."

शमिकाने शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं, की पदार्थ नष्ट होत नाही, आणि मोबाइलमधला काट्याचा फोटो दाखवला.

"पण यात पाणी असणार मॅडम."

"पाणी तीन भांडी," वसुमतीअक्का म्हणाल्या. "डाळीचं कट एक भांडं. मीठ, गूळ, रसम पुडी, ते वजा करा."

वादिराजने खरोखर कागद ओढून वजाबाकी सुरू केली. मग त्याला फोडणीचा वास आला. त्याने आधी विचारलं, स्वल्प बघू का? त्याने बघितल्यावर शेजारच्या भोपळा वर्गाच्या बाईंनी बघितलं. मग परीक्षकांनी बघितलं, कारण परीक्षकांना बघावंच लागतं. अर्ध्या तासात पातेल्याचं वजन पातेल्याएवढं झालं.

"सर, फळ टेबलावर पाहिजे असा नियम आहे," वादिराज तोंड पुसत म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

'राखीव' टेबलावर मांडला गेला. रूपाने तो सगळ्यांत सरस होता, प्रेमाबाईंची पारख चुकली नव्हती. वजनात तो पाचवा आला. स्पर्धक पाच होते. पहिला क्रमांक सातशे नव्वद ग्रॅमला गेला.

 घर आल्यावर शमिका म्हणाली, "अण्णा, उद्या एक तारीख. पिशव्या सकाळी उतरवते."

"उद्या कशा उतरवशील?" अण्णा गाडीला कुलूप लावत म्हणाले. "प्रकरण समितीपुढे आहे."

"कुठलं प्रकरण?"

"आता लिहायचंय ते. अर्ज प्रलंबित असताना गच्चीवरची एक काडीसुद्धा हलवता येत नाही. उत्तर येईपर्यंत जैसे थे. कायदा तसाच आहे, मी काय करणार?"

"आणि उत्तर कधी येईल?"

"एकतीस वर्षं मी पत्रव्यवहार विभागात होतो," अण्णा म्हणाले. "असल्या अर्जाला मी कधी उत्तर दिलं नाही. समिती कशाला देईल?"

शमिका जिन्यातच खाली बसली आणि इतकी हसली की वरून क्षितिज धावत आला, ही कशाने एवढी हलतेय बघायला.

प्रेमाबाई गाडीला निघण्याआधी अर्ज तयार होता. मूळ प्रत कन्नडमध्ये. प्रेमाबाईंना सही करण्यापूर्वी कळावं म्हणून एक मराठी प्रत, ती अशी:

संदर्भ: ह.व./समिती/१
प्रति, मा. अध्यक्ष, परसबाग प्रदर्शन समिती, बसवनगुडी, बेंगळुरू.
विषय: टोमॅटो, एकच फळ, वजनी, या वर्गातील नोंद क्र. ५ बाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, श्रीमती शमिका यांनी वाढविलेले १.१४० किलोग्रॅमचे फळ स्पर्धेच्या वेळी अस्तित्वात होते, तथापि ते एका ठिकाणी नव्हते. ते खालील सही करणाऱ्या पाच व्यक्ती, आपले कर्मचारी श्री. वादिराज, भोपळा वर्गाच्या प्रमुख बाई व तीन मा. परीक्षक यांच्यामध्ये विभागलेले होते व अंशतः अद्याप आहे. सोबत बियांचा कागद जोडला आहे (पाहून परत करावा, पेरायचा आहे).

तरी मा. समितीने उपरोक्त दहा व्यक्तींना सोयीच्या दिवशी एकाच काट्यावर एकत्र उभे करून त्यांचे वजन करावे, त्यांतून सदर व्यक्तींचे शनिवार रात्रीचे वजन वजा करावे, व येणारी बाकी 'एकच फळ' म्हणून ग्राह्य धरून प्रथम क्रमांकाचे प्रमाणपत्र पूर्वलक्षी प्रभावाने प्रदान करावे, ही नम्र विनंती.